लेकी बोले सुने लागे, हे मंडळीत नको

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, नव्याने आलेल्या माणसाशी पहिल्या महिन्यात सगळेच गोड बोलतात. दारातच हात हातात घेऊन 'प्रेज द लॉर्ड' म्हणतात, सरकून बसायला जागा देतात, उपासना संपल्यावर 'कुठं राहता, विजापूर रोडला की होटगी रोडला?' अशी चौकशी करतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणीतरी हळूच काहीतरी सुचवतं. प्रार्थनेच्या वेळी मोबाइल आत ठेवा म्हणतं, नाहीतर प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस घ्यायला) पुढे कसं यायचं ते सांगतं. आणि साधारण सहाव्या महिन्यात तुम्हालाच इतरांच्या चुका दिसायला लागतात. हे लिहितोय ते त्या दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यासाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे आपल्याकडे कुणीही कुणालाही सांगायला का येतं ते कळेल. सोलापुरातल्या जुन्या मराठी मंडळ्यांच्या मुळाशी अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये अहमदनगरला पोचलं आणि तिथून पुढे सोलापूरकडे आलं. ही माणसं काँग्रिगेशनल वळणाची होती. मंडळीचा कारभार वरून कुणी हाकायचा नाही, सभासदांनी मिळून चालवायचा, ही त्यांची रीत. १९७० मध्ये नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, बिशप आले, घटना आली, तरी जुन्या घरांमधली ती सवय गेली नाही. एकमेकांना सांभाळणं आणि एकमेकांची चूक दाखवणं हे एकट्या पाळकसाहेबांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, काम आहे, असं इथं कुणी मानत नाही. कॅथलिक परंपरेतही चुकणाऱ्याला बोध करणं हे सात आध्यात्मिक दयाकृत्यांपैकी एक आहे. दयाकृत्य. हा शब्द लक्षात ठेवा.

पहिली पायरी : आधी ऐकायला शिका

नव्या माणसाला सांगायच्या आधी ऐकावं लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

मी चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो, तरुण संघाचं बघत होतो. नाताळात आम्ही घरोघरी गाणी म्हणत फिरायचो, लोक पाकिटं द्यायचे. मी पैसे खिशात ठेवायचो, त्यातून पोरांना चहा पाजायचो, पेट्रोल भरायचो आणि उरलेले जमा करायचो. वही-बिही काही नव्हती. एका संध्याकाळी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला घरी बोलावलं. सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. चहा दिला, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली, आईची तब्येत विचारली, आणि मग म्हणाल्या, "बाळा, तू पैसे खाल्लेस असं मी म्हणत नाही. पण कागदावर नसलेला पैसा खाल्ल्यासारखाच दिसतो. कागद कर."

मला इतका राग आला की पुढचे दोन रविवार मी चर्चला गेलो नाही. माझ्यावर शंका घेते ही? रात्र रात्र थंडीत मी फिरतो, ही घरात बसून हिशेब विचारते? तिसऱ्या आठवड्यात वही आणली आणि आठवून आठवून लिहायला बसलो, तर साडेचारशे रुपयांचा मेळ लागेना. खाल्ले नव्हते, पण कुठं गेले तेही सांगता येईना. ते मी भरले.

यातून जे शिकलो ते असं. कुणी चूक दाखवली की पहिल्या पाच मिनिटांत उत्तर द्यायचं नाही. 'मी विचार करतो' एवढंच म्हणायचं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:१९) ऐकायला तत्पर असा, बोलायला आणि रागावायला सावकाश व्हा, असं सांगितलंय, त्यातला क्रम बघा. आपण नेमके उलट्या क्रमाने जातो. दुसरं म्हणजे, सांगणाऱ्याचं शंभर टक्के बरोबर असायची वाट बघू नका. आत्यांना माझ्या पेट्रोलचा खर्च माहीत नव्हता, त्यांच्या बोलण्यात थोडं कमीजास्त होतंच. त्यातलं दहा टक्के खरं असेल तर ते दहा टक्के आपलं. उरलेलं सोडून द्या. आणि तिसरं, नीट कळलं नाही तर उदाहरण विचारा. 'तुम्ही कधीचं म्हणताय? नेमकं काय झालं तेव्हा?' हा प्रश्न शांतपणे विचारता आला तर निम्मं भांडण तिथंच मिटतं. तोच प्रश्न हात नाचवून विचारला तर नवं सुरू होतं.

सांगणारा माणूस तुमच्या घरापर्यंत चालत आला, तुमच्या तोंडावर बोलला, एवढ्यासाठी तरी त्याला धन्यवाद द्या. न येता चार घरी सांगत फिरणं त्याला जास्त सोपं होतं.

दुसरी पायरी : पाप, रीत आणि आपली चीड, यातला फरक करा

आता सहावा महिना. तुम्हाला काहीतरी खटकलंय. उठून सांगायला जाण्याआधी घरी बसून एक चाळणी लावायची. जे खटकलं ते खरोखर वचनाविरुद्ध, म्हणजे बायबलविरुद्ध आहे, की फक्त आपल्या घराण्याच्या रीतीविरुद्ध आहे, की मला त्या माणसाचा मुळातच राग येतो?

सोलापुरात ही चाळणी फार लागते, कारण एकाच बाकावर चार घरांची माणसं बसतात. एक पिढ्यान्‌पिढ्यांचा ख्रिस्ती, एक परवा विश्वासात आलेला, एकाच्या घरी तेलुगू, दुसऱ्याच्या घरी कन्नड. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरतो, संक्रांत येते. नव्याने आलेल्या एखाद्या ताईच्या घरी शेजारीण तिळगूळ घेऊन येते. ताई तो घेते, खाते, शेजारणीला 'गोड बोला' म्हणते. हे जुन्या सभासदाला कळलं की लगेच कानउघाडणी सुरू. कुंकवाचं तसंच, मंगळसूत्राचं तसंच. मंगळसूत्रात क्रूस ओवून पिढ्या गेल्या, तरी कुणीतरी अजून विचारतंच.

प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात नेमकं हेच प्रकरण हाताळलंय. कुणी काय खातो, कुणी कोणता दिवस पाळतो, यावरून एकमेकांना दोषी ठरवू नका, असं तो म्हणतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१०:२५–२९) तो आणखी बारीक जातो. समोर आलेलं खा, उगाच चौकशी करत बसू नका, पण ते मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलंच, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे पौलालासुद्धा दोन शेजाऱ्यांसाठी दोन उत्तरं द्यावी लागली. अशा बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर सोडून द्या. ताईला तुम्ही विचारू शकता, 'तुम्ही हे कसं सांभाळता?' तिला दोष लावू शकत नाही. आणि ती गेल्या सहा महिन्यांत किती बदललीये हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर विचारूही नका.

खोटं बोलणं, पैशात घोळ, कुणाची बदनामी, बायकोला टाकून बोलणं, मजुराचे पैसे अडकवणं, जात काढून बोलणं (होय, मंडळीतही काढतात) या गोष्टी रीतीच्या नाहीत. तिथं बोलायला हवं.

चीड ओळखायची माझी एक खूण आहे. सांगायला जायचा विचार आला आणि मनात गुदगुल्या झाल्या, तर जायचं नाही. पोटात गोळा आला, टाळावंसं वाटलं, तर बहुधा जायला हरकत नाही. डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ सगळ्यांनाच पाठ आहे (मत्तय ७:३–५), पण प्रभू तिथं कुसळ राहू दे म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल, असं म्हणतो. डोळ्यातलं काही काढणाऱ्याचा हात किती हलका लागतो ते आईला विचारा.

तिसरी पायरी : त्याच्याकडेच जा, आणि एकटे जा

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक सगळ्यांना माहीत असतो आणि पाळत जवळपास कुणीच नाही. भावाने अपराध केला तर जा, आणि तुम्ही दोघेच असताना त्याला दाखव. आपण काय करतो? आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे'ची कला घराघरात मुरलेली आहे, ती आपण मंडळीतही आणतो. तिचे प्रकार नवख्या माणसाला ओळखता यावेत म्हणून सांगतो.

एक म्हणजे प्रार्थनेतून टोमणा. डोळे मिटून, आवाज खाली आणून, 'हे प्रभू, आमच्यातले काही जण दशांश देत नाहीत, त्यांना तू स्पर्श कर.' सगळ्यांना कळतं कुणाला स्पर्श करायचाय. दुसरा, प्रार्थनेची विनंती. 'अमक्या बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करा, जास्त काही विचारू नका.' एवढं बोललं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना जास्तच माहीत झालेलं असतं. तिसरा प्रकार व्हॉट्सॲप ग्रुपवरचा. रविवारी काहीतरी झालं की सोमवारी सकाळी नीतिसूत्रांतलं एक वचन येतं, खाली नाव नाही, पण वेळ अचूक. आणि चौथा व्यासपीठावरून. साक्ष द्यायला उभं राहायचं आणि साक्षीत दुसऱ्याची गोष्ट सांगायची.

कुणी म्हणेल, नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचं पाप मेंढीचा दाखला देऊनच सांगितलं की (२ शमुवेल १२). बरोबर. पण नाथान राजासमोर स्वतः उभा होता, आणि शेवटी 'तो मनुष्य तूच' हे तोंडावर बोलला. आपण दाखला सांगतो आणि शेवटचं वाक्य गिळतो. मराठी माणसाच्या हातात दाखला गेला की त्याचा टोमणा होतो, म्हणून नवख्यांनी सरळ बोलावं.

एकदा मी हे उलटं केलं, त्याची किंमत अजून मोजतोय. गायनमंडळाच्या सरावात एक जण सतत उशिरा यायचा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काय बे, प्रभूला वेळ द्यायला तुला वेळ नाही होय?" पोरं हसली. तोही हसला. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर कळलं की तो एमआयडीसीत पाळीवर होता आणि पाळी सुटल्यावर जेवायलाही न जाता थेट सरावाला यायचा. मी माफी मागायला गेलो, त्याने चहा पाजला, सगळं ठीक झालं म्हणाला. पण आज तो दुसऱ्या मंडळीत गातो. बोललेलं चुकीचं होतंच, त्याहून चुकीची होती ती चौदा माणसं समोर असणं.

चौथी पायरी : वेळ, जागा आणि वाक्य

वेळ. पाळीवरून आलेल्या माणसाला गाठू नका. मे महिन्यात दुपारी जाऊ नका, चाळीसच्या वर पारा गेलेला असताना क्षमाशील माणूसही क्षमाशील राहत नाही. आणि नळाला पाणी आलेल्या दिवशी तर अजिबात जाऊ नका. आपल्या शहरात काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस बादली आणि पाइप घेऊन उभं असतं. त्यांना त्यांचा आत्मा नंतर दाखवा. उपासना संपल्या संपल्या चर्चच्या दारातही नको, तिथं शंभर कान असतात.

जागा. घरी जाता येत असेल तर उत्तम, पण बायकोमुलांसमोर माणसाचा कमीपणा होऊ देऊ नका. दोघे पुरुष किंवा दोघी बायका असाल तर संध्याकाळी कंबर तलावाकडे चालत जा. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, अवघड वाक्य सोपं जातं. बाईला पुरुषाशी किंवा पुरुषाला बाईशी असं काही बोलायचं असेल तर 'एकटे' या शब्दाचा हट्ट धरू नका. विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना सोबत घ्या. तीमथ्याला लिहिताना पौलाने (१ तीमथ्य ५:१–२) वडील माणसाला बापासारखं, तरुणाला भावासारखं, वडील बायकांना आईसारखं आणि तरुण बायकांना बहिणीसारखं समजाव असं सांगितलं, आणि शेवटी शुद्ध भावाने हेही जोडलं.

वाक्य. 'तू नेहमी', 'तुम्ही लोक', 'सगळे म्हणतात' हे तीन शब्दप्रयोग घरी ठेवून जा. त्यातला 'सगळे म्हणतात' सर्वांत वाईट. समोरचा रात्रभर झोपत नाही, कोण कोण म्हणतं ते मोजत बसतो. जे पाहिलं तेवढंच सांगा, आणि चुकीचं समजलं असण्याची जागा ठेवा. मोठ्या माणसाशी बोलताना असं काहीतरी: "काका, एक विचारू का? परवाच्या बैठकीत तुम्ही त्या नव्या पोराला 'तुला काय कळतंय' म्हणालात. तो नंतर पायऱ्यांवर एकटाच बसला होता. मला वाटलं, तुम्हाला सांगावं." इथं थांबा. पुढे बोलू नका. काका काय म्हणतात ते ऐका. मित्राशी असेल तर भाषा आपोआप बदलते, बदलू द्या. सोलापुरी मित्राला ग्रंथातल्या मराठीत सांगितलं तर त्याला वाटेल तुम्ही पाळक व्हायला निघालात.

गलतीकरांस पत्रात (६:१) चुकलेल्याला सौम्यतेने पुन्हा ताळ्यावर आणा असं जे आहे, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद शिष्य मचव्यात बसून जाळी नीट करत होते तिथंही येतं (मार्क १:१९). आपल्याकडे जाळी नाहीत, माग आहेत, त्यामुळे कल्पना करायला अडचण नको. तुटलेला धागा ओढून चालत नाही.

सांगायची रीत चुकू शकते, हे प्रिस्किल्ला आणि अक्विलाला माहीत असावं. अपुल्लो सभास्थानात जोरात शिकवत होता, त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. या दोघांनी सभेत उठून हात वर केला नाही, त्याला आपल्याकडे नेलं आणि अधिक नीट समजावून सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १८:२४–२६). सोबत जेवण होतं की नाही ते लूक लिहीत नाही. मी मात्र होतं असं धरून चालतो.

पाचवी पायरी : ऐकलं नाही तर

मग एक-दोघांना सोबत न्यायचं. हे साक्षीदार म्हणजे तुमची बाजू घेणारे नव्हेत, दोघांचंही ऐकणारे हवेत, आणि कदाचित ते तुम्हालाच सांगतील की चूक तुमची आहे. त्यावरही झालं नाही तर मंडळीपुढे, म्हणजे आपल्याकडे आधी पाळक आणि पंच. नवख्या माणसाला इथवर यायची वेळ सहसा येत नाही, आली तर एकट्याने ओढू नका.

शेवटी जो ऐकत नाही तो तुला विदेशी (म्हणजे यहुदी नसलेला) किंवा जकातदार यासारखा होवो, असं येशू म्हणतो. हे वाक्य लोक माणसाला हाकलण्यासाठी वापरतात. ज्या मत्तयाच्या नावाने हे शुभवर्तमान आहे तो स्वतः जकात नाक्यावर बसलेला होता, आणि येशू त्याच्या घरी जेवायला गेला, हे मात्र विसरतात.

पाळकसाहेबांबद्दल काही असेल तर? तोच नियम, आधी त्यांच्याकडेच. मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असं पौल सांगतो (१ तीमथ्य ५:१९), पण पेत्र चुकला तेव्हा त्याच पौलाने अंत्युखियात सर्वांसमोर त्याला विरोध केला (गलतीकर २:११–१४). कारण पेत्राची चूकही सर्वांसमोरची होती, तो विदेश्यांबरोबर जेवायचा सोडून बाजूला झाला होता. चारचौघांत झालेल्या अन्यायाला कधी कधी चारचौघांतच उत्तर द्यावं लागतं.

मंडळीच्या पैशाबद्दल प्रश्न असेल तर त्याला आध्यात्मिक रंग देऊ नका. मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाखाली असेल तर १९५० च्या न्यास कायद्याप्रमाणे हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारक आहे. वार्षिक सभेत नम्रपणे ताळेबंद मागा. हिशेब मागितला म्हणजे विश्वास नाही, असं कुणी म्हणालं तर आत्यांचं वाक्य ऐकवा.

हे सगळं कुठं लागू नाही

हे नीट वाचा. घरात मारहाण होत असेल, कुणी मुलाला किंवा मुलीला हात लावत असेल, धमक्या देत असेल, तर 'आधी एकटे जा' हा नियम तिथं नाही. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याकडे एकटीने जाऊन समजव म्हणणं हा वचनाचा गैरवापर आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांत होतो. लहान मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'मंडळीचं नाव खराब होईल' हे कारण चालत नाही. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२. आधी फोन, मग प्रार्थना, आणि प्रार्थना त्या बाईबरोबर, तिच्याबद्दल नव्हे.

नंतरचा रविवार

सांगून झालं, त्याने ऐकलं, कदाचित डोळ्यांत पाणीही आलं. लोक समजतात इथं काम संपलं. करिंथमधल्या एका माणसाला मंडळीने शिक्षा केली होती, त्याच्याबद्दल पौलाला पुन्हा लिहावं लागलं, आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:५–८). आपल्याकडेही माणूस चुकीमुळे जात नाही, चूक मान्य केल्यावर लोक ज्या नजरेने बघतात त्यामुळे जातो.

म्हणून पुढच्या रविवारी लवकर या. तो कुठं बसतो ते बघा आणि त्याच बाकावर बसा. त्या विषयाचं नावही काढू नका. 'मग, जमलं का?' असंही विचारू नका. उपासना सुटली की त्याच्याबरोबर बाहेर या आणि तुमच्या भागात पाणी कधी आलं होतं ते विचारा.